आरशात दिसलेला पदर

जबाब

दिनांक १६/११/२०२५, वार रविवार, वेळ १६.४० वा.

नाव : दीपमाला व्यंकटी गजभारे
वय : ३१ वर्षे, व्यवसाय : नोकरी (एस.टी. वाहक)
राहणार : उमरी, ता. उमरी, जि. नांदेड

मी वर लिहिल्याप्रमाणे असून, आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, जमादार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मी बोलते तसेच लिहावे, नाहीतर सही करणार नाही. जमादार साहेबांनी त्यास बरे म्हटले आहे.

आमच्या घरी आई महामाया, मी व माझा लहान भाऊ आनंदराज असे तिघे राहतो. आनंदराज याचे वय २७ असून त्यास जन्मापासून ऐकू येत नाही व तो तोंडाने बोलत नाही. लिहिता-वाचता चांगले येते. नायगाव येथे त्याचे गाड्यांच्या नंबर प्लेट व रेडियमची अक्षरे कापून देण्याचे दुकान आहे. तो हातांनी बोलतो. ती भाषा आईला निम्मी व मला पूर्ण येते. निदान आज सकाळपर्यंत माझा तसा समज होता.

भावाविरुद्ध श्री. भुजंग ग्यानोबा बिरादार, धंदा शेती, यांनी आज दुपारी तक्रार दिली आहे. ती मला वाचून दाखवली. त्यात असे की, बहिऱ्या माणसाने गाडीत हौसेचा मोठा आरसा लावला, त्यात तोंड बघत गाडी चालवली, मला हाताने वेडा म्हणाला आणि एकाएकी ब्रेक मारला, त्यामुळे माझी आई लक्ष्मीबाई मोटारसायकलवरून पडली. या तक्रारीवरून भावाचे लायसन जमा करून घेतले आहे. ते जमादार साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे, मला इथून दिसते. ऐकू न येणाऱ्याला लायसन मिळते, तसा नियम आहे, पण आम्हाला ते मिळवायला तीन वर्षे लागली. दरवेळी नवा साहेब आणि नवा दाखला. एकदा गेले तर परत मिळेल असे मला वाटत नाही. म्हणून जे आहे ते सगळे सांगते.

आरशाबाबत विचारल्यावरून सांगते की, तो हौसेचा नाही. गाडी जुनी घेतलेली आहे. तिचा मूळ आरसा माझ्या तिकिटाच्या मशीनपेक्षा थोडा मोठा असेल. त्यात मागची अर्धी काच आणि भावाचे स्वतःचे कपाळ एवढेच दिसायचे. इतरांना मागची गाडी आधी कानाला कळते, मग डोळ्याला. माझ्या भावाला डोळा एवढेच आहे. मागच्या काचेवर त्याने स्वतः रेडियम कापून लावले आहे की, 'चालकास ऐकू येत नाही. हॉर्न नको, लाईट द्या.' ते अजूनही तिथे आहे, बाहेर जाऊन पाहावे.

दिनांक ९/११/२०२५ रोजी माझी सुट्टी होती म्हणून आम्ही दोघे नांदेडला गाडीचे सामान मिळते त्या दुकानात गेलो. दुकानदाराचे नाव मन्मथअप्पा. त्यांनी पहिला आरसा काढला तो लांबलचक व फुगीर काचेचा. अप्पा म्हणाले, "ताई, हाच घ्या, लई चालतो. सगळं गाव दिसतं यात." भावाने तो मूळ आरशावर बसवला व मला गाडीच्या मागे जायची खूण केली. मी मागे उभी राहून बोटे दाखवायची आणि त्याने आत बसून तेवढीच बोटे वर करायची, असे ठरले. मी सवयीने "किती?" म्हणून ओरडत होते. रस्त्यावरचे लोक हसले. हसू देत.

बोटे बरोबर आली. मग भावाने मी किती पावलांवर उभी आहे त्याचा अंदाज डॅशबोर्डच्या धुळीत लिहिला. पंचवीस. मी मोजले, तेरा भरली. फुगीर काचेत सगळे दिसते, पण असते त्यापेक्षा लांब दिसते. अप्पा म्हणाले, "अंदाज येतो हळूहळू." मी म्हणाले, "अंदाज येईस्तोर ट्रक येतो, अप्पा."

दुसरा आरसा निळसर होता. रात्री मागच्या गाडीचा लाईट डोळ्यावर येत नाही असा त्याचा गुण. भावाने बघताक्षणी नको म्हटले. मागचा लाईट हाच त्याचा हॉर्न, तो कमी करून काय करायचे. तिसऱ्या आरशात कॅमेरा होता व आरशाच्या जागी पडदा. चित्र एकदम स्वच्छ. पण मी मागे हात वर केला की चित्रातला हात पापणी मिटून उघडावी इतक्या उशिराने वर जात होता. भावाला ते लगेच कळले, अप्पांना तीनदा दाखवावे लागले. तोपर्यंत अप्पा वैतागले होते. म्हणाले, "आरसा बघून राहिलात का पोरगी?" मी म्हणाले, "पोरगी बघायला इतका वेळ कोण देतं, अप्पा?" त्यावर त्यांनी चहा मागवला.

चौथा आरसा सपाट काचेचा, रुंद, साधा. त्याला खोके नव्हते, कोपऱ्यात पडलेला होता. त्यात भावाने चौदा पावले लिहिली, मोजली तर पंधरा. मग त्याने इंजिन चालू करून आरशाच्या कडेला बोट टेकवले व मान हलवली. आरसा थरथरत होता. आम्हाला कोणाला ते डोळ्याने दिसले नव्हते. अप्पांनी चिमट्याखाली रबराचे दोन तुकडे घातले, मग ठीक झाले. सपाट आरशातून कडेचा भाग सुटतो म्हणून बाहेरच्या दोन्ही आरशांवर भावाने गोल छोटे आरसे चिकटवून घेतले. आईने त्या आरशाला अडकवायला भगवान बुद्धांचा लहान फोटो दिला होता, तो त्याने डॅशबोर्डवर लावला. आरशाला काही लटकलेले त्याला चालत नाही. हौसेचे काय ते एवढेच.

आज रोजी सकाळी ६.३० वा. आम्ही उमरीहून शिरूर अनंतपाळ येथे आमची आत्या पार्वतीबाई हिच्याकडे निघालो. गाडी भाऊ चालवत होता, मी शेजारी होते. माझ्या मांडीवर आत्यासाठी दह्याचे पातेले होते, वरून फडके बांधलेले. अंदाजे १०.४० वा. उदगीरकडून येताना, शिरूर सहा-सात किलोमीटर राहिले असताना, भावाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी मोबाईलमध्ये उद्याची ड्युटी बघत होते. त्याने खांद्यावरून खाली हात ओढला आणि एक बोट हवेत गोल फिरवले. मला वाटले, माझी ओढणी दारात अडकली म्हणतो. मी ओढणी चाचपली, नीट होती. मी त्याला "काही नाही, समोर बघ" अशी खूण केली.

तो ओढणी म्हणत नव्हता. पदर म्हणत होता, चाक म्हणत होता. मागच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर चाकाजवळ उडताना त्याने आरशात पाहिला होता. ते मी समजले नाही. माझ्या हातून वेळ गेला आणि तो मला आता परत आणता येत नाही. लिहा तसे.

मग भावाने डावा सिग्नल दिला, गाडी सावकाश हळू केली आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून मागे तीच खूण केली. खांदा, मग गोल बोट. ब्रेक एकाएकी मारला असे जे लिहिले आहे ते खरे नाही. झटका बसला असता तर दही माझ्या अंगावर आले असते. एक थेंब सांडला नाही. पातेले बाहेर गाडीत आहे. शिवाय भुजंग यांच्याच तक्रारीत असे आहे की, 'मला वेडा म्हणाला म्हणून जाब विचारण्यासाठी मी मोटारसायकल हळू केली.' म्हणजे ती रागाने हळू झाली, आमच्या ब्रेकने नाही. हे मी जमादार साहेबांना दाखवले, त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

मी स्वतः मागे वळून पाहिले तेव्हा लक्ष्मीबाई रस्त्याच्या कडेला पडलेल्या होत्या व त्यांच्या लुगड्याचा पदर मागच्या चाकात गुंडाळलेला होता. त्या आधीचे मी माझ्या डोळ्याने पाहिलेले नाही, आणि न पाहिलेले सांगणार नाही. आम्ही दोघे उतरून पळत गेलो. तेव्हा भुजंग यांनी माझ्या भावाच्या कानाखाली मारली. ते काय बोलले ते लिहू नये. भावाला ते ऐकू आले नाही, एवढे एक बरे झाले.

रस्त्यावर दुसरे वाहन थांबेना. शेवटी लक्ष्मीबाईंना आमच्याच गाडीत मागे माझ्या मांडीवर निजवले, भुजंग पुढे बसले, व भावाने गाडी दवाखान्यात नेली. भुजंग वाटभर भावाला "डावीकडं घ्या, खड्डा हाय, आता उजवीकडं" असे सांगत होते. मी त्यांना दोनदा म्हणाले की त्याला ऐकू येत नाही. ते मान डोलावून "हाव, हाव" म्हणायचे आणि पुन्हा सांगायचे. लक्ष्मीबाईंचा डावा हात कोपराजवळ मोडला आहे. डोक्याला मार नाही. दवाखान्यात भुजंग यांचे नातेवाईक जमले, आणि दुपारी त्यांनी वरील तक्रार दिली. भाऊ चार तास ठाण्याच्या बाकावर बसून आहे. त्याला कोणी काही विचारले नाही, जे विचारले ते मला विचारले.

अंदाजे १५.३० वा. लक्ष्मीबाई हाताला प्लॅस्टर व गळ्यात झोळी अशा अवस्थेत दवाखान्यातून रिक्षाने ठाण्यात आल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांनी भुजंग यांना सर्वांसमोर विचारले, "काय लिहून दिलंस रं?" भुजंग म्हणाले, "हेच की त्यानं मला डोकं फिरलंय म्हणून बोट फिरवून दाखवलं." त्यावर लक्ष्मीबाई म्हणाल्या, "तुझं डोकं कशाला दाखवील ते लेकरू? त्यानं खांद्यावरून हात नेला. पदर म्हणून सांगून राहिला हुता. मला कळलं की. मी पदर वढाया हात मागं नेला आन् तवाच चाकानं धरला. हातात हुता म्हणून गळ्याला न्हाई आला. न्हाईतर आज तू जबाब द्यायला न्हाई, लाकडं आणायला गेला असतास."

हे त्यांनी जसे सांगितले तसे मी जमादार साहेबांना लिहायला सांगितले आहे.

मी सत्तावीस वर्षे भावाची भाषा बोलते. शेजारी बसून मला ती कळली नाही आणि मोटारसायकलवरून जाणाऱ्या अनोळखी बाईला कळली. याची मला लाज वाटते, पण त्याहून लई बरे वाटते. मला नेहमी भीती वाटायची की मी नसले तर याचे कोणाला कळणार. आता तेवढी वाटत नाही.

लक्ष्मीबाई काय म्हणाल्या ते मी भावाला हातांनी सांगितले. तो उठला व त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याचा गाल पाहिला आणि भुजंग यांच्याकडे पाहिले. भुजंग यांनी तक्रार मागे घेतो असे लिहून दिले. नंतर ते बाजूला येऊन मला म्हणाले, "ताई, चुकलं असं हातानं कसं म्हणत्यात?" मी करून दाखवले. त्यांनी केले ते असे केले की त्याचा अर्थ भूक लागली असा होतो. भावाने त्यांना दह्याचे पातेले आणू का असे विचारले. ठाण्यात सगळे हसले, भावाने मात्र हसू दाबले.

भावास मारल्याबाबत आमची काही तक्रार आहे का, असे विचारल्यावर मी आहे असे सांगितले. भावाने नाही असे सांगितले. मार त्याला बसला आहे, म्हणून त्याचेच धरावे.

ठाण्यातून घरी जाण्यास लक्ष्मीबाई यांनी रिक्षाला नकार दिला असून आमच्या गाडीत बसणार असे सांगितले आहे. त्यांचे गाव आत्याच्या वाटेवर आहे. त्याप्रमाणे आम्ही त्यांना सोडून पुढे जाणार आहोत. भुजंग यांची मोटारसायकल त्यांच्या नातेवाईकांनी ठाण्यात आणली आहे, ते तिच्यावर मागून येतील.

जमादार साहेबांनी लायसन पेपरवेटखालून काढून माझ्यापुढे धरले. मी हात पुढे केला नाही. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीवरून उठले, बाकापर्यंत गेले आणि ते त्यांनी आनंदराजच्या हातात दिले.

हा जबाब जमादार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. भावास वाचून दाखवण्याचा उपयोग नसल्याने कागद त्याच्याकडे दिला. त्याने सगळा स्वतः वाचला. जिथे 'बहिऱ्या माणसाने' असे तक्रारीतले शब्द आहेत ते तसेच राहू दे म्हणाला. खाली आपल्या नावापुढे काय लिहायचे ते मी लिहितो म्हणाला.

सही : दीपमाला व्यंकटी गजभारे

स्वतः वाचले, बरोबर आहे.
सही : आनंदराज व्यंकटी गजभारे, गाडीचा चालक