मुकी कॅसेट

लग्नाच्या शूटिंगचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. माझ्या बहिणीचं लग्न बाळकुमला झालं तेव्हा गावात व्हिडिओ नवीनच होता. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. ती धवला गाते आणि एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावते. गावची धवलारीण हिरूआजी गायली तेव्हा सगळा मांडव ऐकत बसलेला. संपल्यावर शूटिंगवाला म्हणाला, "आजी, माइकची वायर निघालेली. परत एकदा म्हणा ना."

आजी शांतपणे म्हणाली, "देव आयलं, मांडवान बसलं. आता परत कशाला बोलवू? ते गेलं कं?"

मग त्याने बाबांना विचारलं, "तेवढ्या भागावर सिनेमाचं गाणं टाकू?"

बाबा म्हणाले, "नको. राहू दे तसंच."

पुढच्या वर्षी आजी वारली. तिच्यामागे गावात धवला येणारं कोणीच नव्हतं. मग आई दुपारची काकांच्या व्हीसीआरवर ती कॅसेट लावून बसायची. पडद्यावर आजीचे ओठ हलायचे, आवाज नाही. चाल आईच्या कानात होती. ओठ बघून ती शब्द लावायची, अडली की कॅसेट मागे घ्यायची. एखादा देव राहिला की आम्ही पोरी त्याचं नाव सांगायचो.

चुलत बहिणीच्या लग्नात धवला आईच गायला बसली. शूटिंगवाला तोच. यावेळी त्याने माइक दोनदा तपासून तिच्यासमोर ठेवला.

आई म्हणाली, "वायर काढ रे. नाय तर पोरी कॅसेट लावून नुसत्या ऐकत बसतील."