तांबड्या मोटारीवरची रिकामी जागा

अध्यक्षस्थानी विराजमान झालेले आदरणीय प्रांतसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय मुख्याध्यापक आणि वकीलसाहेब, गळ्यातला हार टोचत असूनही हसतमुख बसलेले आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर गोवर्धन आठल्ये, सभागृहातील बंधूंनो आणि भगिनींनो, आणि कितीही म्हटलं तरी आत न येता दाराबाहेरच उभे राहिलेल्या पोशेऱ्याच्या मंडळींनो,

मी दामोदर, बाजारपेठेतला रंग-खिळेवाला. डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्याविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. माझा विषय मात्र मोटारीचा रंग हा आहे. अध्यक्षमहाराज, आपण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू नये. ते संस्थानाच्या विलीनीकरणाच्या आधीपासून बंद आहे.

माणूस मोटारीला अमुकच रंग का देतो? जव्हारात मोटारी त्या किती, पण त्यांच्या रंगाचे डबे माझ्याच दुकानातून गेले. आमच्या लाकूडवाल्या शेठजींनी गाडी गडद लाल करून घेतली. का? तर व्याह्यांची फिकट लाल होती. एका कंत्राटदारांनी सायीचा रंग दिला, आणि मोखाड्याच्या धुळीत तो खराब होईल म्हणून गाडी बाहेरच काढली नाही. बिचारे मोखाड्याला बसने जात. माझं मत विचाराल तर माणूस स्वतःच्या आवडीचा रंग घेतच नाही. बघणार कोण आहे हे आधी ठरतं, रंग मागाहून. वकीलसाहेब मान हलवताहेत. हलवू द्या, त्यांना मोटार नाही.

तर डॉक्टरसाहेब इथे आले तेव्हा त्यांना सरकारने एक करडी मोटार दिली. ही मोटार संस्थानी काळातली. तिच्यातून तेव्हा एक वसुलीचा कारभारी फिरायचा. नाव घेत नाही, त्यांची सासुरवाडी याच आळीत आहे. संस्थान गेलं, कारभारी गेला, मोटार राहिली. डॉक्टर तिच्यात बसून पोशेऱ्याला देवीची लस टोचायला गेले. घाटात करडं काही दिसलं मात्र, अख्खा पोशेरा डोंगरावर. माणसं गेली, शेरडं गेली, कोंबड्यासुद्धा गेल्या. डॉक्टर रिकाम्या गावात सुई हातात धरून उभे. असं तीनदा झालं. त्या वर्षी खालच्या गावांत देवीची साथ होती, आणि पोशेऱ्यात एकाही पोराला लस नव्हती. डॉक्टर माझ्या दुकानात आले, खिळ्यांच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "दामूशेठ, पोरं मरतील हो." मस्करीची वेळ नव्हती ती.

मोटारीचा रंग बदलायचा ठरलं. मग काय, गावाने कमिटी नेमली. वकीलसाहेब म्हणाले, पांढरा द्या, राष्ट्रीय दिसेल. मुख्याध्यापक म्हणाले, हिरवा, निसर्गाशी एकरूप. त्यावर कोणीतरी विचारलं की एकरूप झालेली मोटार दरीत गेली तर शोधायची कशी? हेडक्लार्क निळ्यावर अडून बसले. खरं कारण नंतर कळलं, त्यांच्या मंडळींना निळा आवडत नसे आणि घरात त्यांचं काही चालत नसे. मी मात्र निःस्वार्थ बुद्धीने तांबडा सुचवला. खिडक्यांच्या गजांना लावतात तो तांबडा. माझ्याकडे त्याचे डबे पडून होते हा केवळ योगायोग. आणि मी फुकट देतो म्हटल्यावर सगळ्यांना तोच रंग अचानक शोभिवंत वाटू लागला.

मोटार तांबडी झाली. चकाकी नाही, काही नाही, नुकत्याच गेरूने सारवलेल्या भिंतीसारखी दिसायची. ती पोशेऱ्याला गेली, आणि एकही माणूस पळाला नाही. उलट सगळे जवळ आले. लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी आपली धोंडीबाई पुढे झाली. तिने मोटारीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि ड्रायव्हर लक्ष्याला विचारलं, "लगीन कोनाचा हाय?"

आता शहरातल्या मंडळींना सांगायला हवं. पोशेऱ्यात घराची भिंत गेरूने सारवली आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढला की त्या घरी लग्न असतं. लक्ष्या साखरशेत गावचा, तिथेही हीच रीत. त्याने सरळ हिशेब केला. गेरू ज्याच्या दारी, लग्न त्याचं. मोटार डॉक्टरांची. तो म्हणाला, "आमच्या सायबाचा."

झालं. बायका पीठ कालवायला धावल्या. धोंडीबाईने डॉक्टरांना विचारलं, "नवरी कठं हाय?"

डॉक्टर तेव्हा नाही म्हणू शकले असते. पण पुढच्याच क्षणी गाव पुन्हा डोंगरावर गेलं असतं. त्यांनी सभोवार उभी असलेली पोरं बघितली आणि म्हणाले, "येईल. आधी सगळ्यांना सुई, मग नवरी."

पोशेऱ्याने दंड पुढे केले. दुपारपर्यंत मोटारीच्या दारांवर पिठाची झाडं उगवली, नाचणारी माणसं फेर धरून उभी राहिली, आणि मधोमध घोड्यावर नवरदेव आला, हातात औषधाची पेटी. त्याच्या शेजारची जागा धोंडीबाईने रिकामी ठेवली. म्हणाली, नवरी बघितल्याबिगर काढायची नाय. ही वऱ्हाडी मोटार मग साखरशेताला गेली, मोखाड्याच्या बाजाराला गेली. जिथे जाईल तिथे लोक आधी नाचत, मग सुई घेत. डॉक्टरही नाचत. फार वाईट नाचत, पण नाचत.

पावसात चित्र धुऊन जायचं. दिवाळी झाली की बायका पुन्हा काढायच्या, आणि दर वर्षी तीच जागा रिकामी. डॉक्टरांनी एका वर्षी सांगितलं, नवरी शिकते आहे. पुढच्या वर्षी म्हणाले, मुहूर्त नाही. त्यानंतर त्यांना कारण सुचेना, तेव्हा ते धोंडीबाईला बघून मोटारीखाली शिरत आणि काहीतरी दुरुस्त करत. दुरुस्तीतलं त्यांना काही कळत नाही, हे लक्ष्याला विचारा.

आणि आता बदली. पोशेऱ्याचे सुकऱ्याबाबा सकाळी मला म्हणाले, "शेट, डागदर चांगला मानूस. पन नवरी न दाखवता गेला तं शब्द खोटा. मंग दुसऱ्या डागदराची सुई आमी घेनार नाय." प्रांतसाहेब, ही मंडळी निरोपाला आलेली नाहीत. नवरी बघायला आली आहेत. आणि नवे डॉक्टर येत्या महिन्यात रुजू होतात. मला सकाळी चहा गोड लागला नाही.

मी दुकानामागे गेलो, तिथे मोटार उभी असते. बघतो तर धोंडीबाई वाटीत पीठ घेऊन खाली बसलेली. मी म्हटलं, "धोंडीबाई, काय चाललंय?" ती म्हणाली, "नवरी काढतंय." मी म्हटलं, "कोणाची परवानगी?" ती हसली नुसती. मी वाकून पाहिलं. नवरदेवाशेजारी नवरी उभी होती, आणि तिच्या हातात खडीसाखरेची पिशवी होती.

सभागृहात आता जी कुजबुज सुरू झाली आहे ती मला ऐकू येते. होय. सुई टोचल्यावर रडणाऱ्या पोराला खडीसाखर कोण देतं, हे पोशेऱ्यातल्या पोरांना माहीत आहे तसं तुम्हालाही माहीत आहे.

तेवढ्यात आमच्या दवाखान्याच्या नर्स वनमालाबाई औषधाची पेटी न्यायला तिथे आल्या. त्यांनी चित्र पाहिलं. खाली वाकून नवरी नीट न्याहाळली. मग म्हणाल्या, "धोंडीबाई, मी एवढी बुटकी नाही गं."

मी धावत डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच. ते एवढंच म्हणाले, "मग उंच काढा म्हणावं."

हे जाहीर बोलायला दोघांची परवानगी मी घेतलेली आहे. थोडक्यात सांगीन असं वनमालाबाईंना कबूल केलं होतं, ते पाळता आलं नाही. लग्न रविवारी, पोशेऱ्यात, मोटारीसमोर. लावणार धोंडीबाई. नवे डॉक्टर आले की त्यांना हीच मोटार मिळेल. प्रांतसाहेब, ती पुन्हा करडी करण्याचा हुकूम कोणी काढलाच, तर माझ्या दुकानात करडा रंग संपलेला आहे, आणि कायमचा संपलेला आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला उभं राहू दिलं, मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाच्या मोटारीला, पसंतीला किंवा सासुरवाडीला धक्का लागला असेल तर उदार मनाने पोटात घालावं.

आणि सुकऱ्याबाबा, आता दाराबाहेर उभे राहू नका. आत या सगळे. नवरी तिसऱ्या रांगेत बसली आहे.