हार घातलेलं रबर

सकाळी अकरा वाजता, उरणची जेट्टी. धक्क्यावर आपटून लाँचची नाळ, म्हणजे पुढचं टोक, फुटू नये म्हणून जाड रबर आणलं होतं. ते पाहुण्यांच्या हस्ते बसवायचं, म्हणून स्टेजवर हार घालून ठेवलेलं! नाळेवरचे जुने टायर 'फोटोत घाण दिसतात' म्हणून आधीच काढलेले.

पाहुण्यांना आणायला निघताना लाँचमालक तांडेल कार्यक्रमाच्या आयोजकाला म्हणाला, "सायब, नाळ उघडी हाय. रबर बोटीला लावता का स्टेजला?"

"काका, टेन्शन नको. आधी उद्घाटन."

परतताना लाटेनं लाँच धक्क्यावर आदळली, नाळ उभी चिरली. पाहुण्यांनी भिजल्या कपड्यांनी फीत कापली. टाळ्याही पडल्या!

तांडेलाचं पोट ज्या लाँचवर, ती आज चिखलात पडून आहे. रबर स्टेजच्या सामानासोबत टेम्पोत गेलं. कुठे, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.