मला घाई नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या बेकरीचे मालक, शेजारी बसलेल्या आमच्या कॉलेजच्या प्राचार्यबाई, भट्टी सांभाळणारे काका, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या काउंटरवरच्या ताई, ताईंचे यजमान व लेक, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून पावांच्या मांडणीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मघाशी मालकांनी माझी ओळख 'आमचे सर्वांत नियमित ग्राहक' अशी करून दिली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मला मात्र खुर्चीतून उठणं जड गेलं. का, ते सांगतोच. पण मला बोलावलंय ताईंबद्दल बोलायला, तेव्हा आधी ते काम करतो.

ताईंनी एकोणीस वर्षं हे काउंटर सांभाळलं. अक्रोडाच्या पावाचा कडेचा खरपूस तुकडा मला आवडतो, हे मी त्यांना कधी सांगितल्याचं आठवत नाही. तरी तो माझ्या बशीत यायचा. एकदा तोंडी परीक्षेत गडबडलेली एक मुलगी रडत आली होती. कॉफी कागदी पेल्यात द्या, म्हणाली. ताईंनी मुद्दाम कपबशीत दिली. कागदी पेला घेऊन ती कुठेतरी एकटीच निघून गेली असती, कपबशीमुळे बसावं लागलं. हे मला कळायला बराच वेळ लागला. मी संख्याशास्त्र शिकवतो, माणसं मला जरा उशिरा कळतात.

नव्या मुलांना ठाऊक नसेल, पण पूर्वी इथे टोकनचं यंत्र नव्हतं. सकाळी आठ ते नऊ या वेळात पंधरा माणसांच्या जागेत चाळीस जण उभे असायचे. ताई मान वर करून एवढंच विचारायच्या, "घाई कोणाला?" ज्यांचा पेपर असेल, प्रॅक्टिकल असेल, ते हात वर करायचे. त्यांना आधी मिळायचं. बाकीचे आपणहून खिडकीकडे सरकायचे. खोटा हात कोणी वर करायचं का? मी एकदा केला होता. ताईंनी कॉफी दिली. मग मी तासभर इथेच वर्तमानपत्र वाचत बसलो, तेही त्यांनी पाहिलं.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मला वीस मिनिटं खिडकीपाशी उभं राहावं लागलं. माझ्यामागून आलेली तीन मुलं माझ्याआधी खाऊन गेली. घरी जाऊन मी आदळआपट केली. बायको म्हणाली, "पण तुला जायचं कुठे होतं?" उत्तर द्यायचं सोडून मी मालकांना पत्र लिहायला बसलो.

दोन पानी पत्र, सात मुद्दे. सातवा मुद्दा असा होता, की काउंटरवरील महिला कर्मचारी ओळखीच्या मुलांना झुकतं माप देतात. खाली सही नव्हती. 'एक नियमित ग्राहक' एवढंच होतं.

मालकांचा यात दोष नाही. तक्रार आली, त्यांनी यंत्र बसवलं आणि ताईंना तो प्रश्न विचारू नका म्हणून सांगितलं. ताईंनी पुन्हा विचारला नाही. पत्रातला तो सातवा मुद्दा ऐकून ताई भट्टीमागे जाऊन डोळे पुसत होत्या, हे मला काकांनी सांगितलं. आपण कोणाला सांगतोय, हे बिचाऱ्या काकांना काय माहीत? मी मान हलवली आणि म्हणालो, लोक कसे असतात बघा. काका, तुमच्याकडे बघून आज बोलवत नाही.

पुढचं जास्त वाईट आहे. त्याच वर्षीच्या परीक्षेत मी हॉलवर देखरेखीला होतो. सकाळी इथे आलो तेव्हा माझ्या हातात त्रेपन्न नंबरचं टोकन होतं. काय ती शिस्त, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. माझा नंबर आला. कोणता पाव आज ताजा, कशात लोणी कमी, अशा मी दहा चौकशा केल्या. तो माझा हक्कच होता, नाही का? टोकन होतं माझ्याकडे.

पेपर सुरू होऊन तास झाला असेल, तिसऱ्या रांगेतली एक मुलगी बाकावरून खाली घसरली. पाणी मारलं, साखर दिली. मी रागावून विचारलं, सकाळी काही खाऊन यायचं नाही का? ती म्हणाली, "गेले होते, सर. एकसष्ट नंबर होता. त्रेपन्नच्या पुढे जाईना, मग तशीच आले."

तिला लिहिता आलं नाही. तो पेपर तिने सहा महिन्यांनी पुन्हा दिला, तोवर निकालावर ठरलेली हातची नोकरी गेली. मी तिला सांगितलं नाही, की त्रेपन्न नंबर माझा होता. कोणालाच नाही सांगितलं. महिनाभर इकडे फिरकलो नाही. मग पुन्हा आलो तर ताई म्हणाल्या, "सर, बरं नव्हतं का?" आणि बशीत कडेचा तुकडा ठेवला. तो मी खाल्ला. त्याची जितकी लाज वाटते, तितकी पत्राचीही वाटत नाही.

ताई, ते पत्र मी लिहिलं होतं. तुम्ही कोणाला झुकतं माप दिलं नाहीत. दिलं असेल तर ते मलाच.

मालकांचे आभार, त्यांनी मला बोलायला उभं केलं. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. भाषणात काही राहून गेलं असेल तर सांभाळून घ्या. जे चार वर्षं राहून गेलं होतं, ते सांभाळून घ्या असं मात्र म्हणत नाही.

आता कॉफी आणि केक आहे, आणि दारात आपल्या सगळ्यांना टोकनं दिली आहेत. पाहुणा म्हणून मला पहिला नंबर मिळालाय. तो मी इथे टेबलावर ठेवतो. मागे उभ्या असलेल्या काही मुलांचा साडेदहाला पेपर आहे, मला माहीत आहे, वेळापत्रक मीच लावलंय. ताई, जाण्याआधी एकदा काउंटरवर या आणि तुमचा तो प्रश्न विचारा. मी खिडकीपाशी उभा आहे. मला घाई नाही.