मधलं डांबर

(घाटमाथ्यावरचं रस्तेखात्याचं फाटक. टळटळीत दुपार. आडव्या बांबूपुढे खडीने भरलेला ट्रक, मागे गाड्यांची रांग. खात्याच्या प्रयोगशाळेत डांबर तपासणारी ताई ट्रकच्या दाराशी उभी आहे, हातातला फोन मोठ्या आवाजावर. ट्रकमध्ये तिचा थोरला भाऊ. फोनवर खात्याचे साहेब.)

ताई : काल तो पाण्याचा टँकर ड्रायव्हरने नाही घातला कठड्यावर. तुमच्या खात्याने घातला. खुर्चीत बसून, पंख्याखाली, सगळ्यांनी मिळून. तोंडावर सांगतेय.

साहेब : आवाज खाली, बाई. कोणी मेलेलं नाही.

ताई : क्लीनरचा पाय गेला.

साहेब : ड्रायव्हरला डुलकी लागली होती. चौकशीत तसंच आलंय.

दादा : तिसऱ्या वळणावर डुलकी? साहेब, तिथे माणूस शिंकायलासुद्धा घाबरतो.

साहेब : हे कोण मध्ये बोलतंय?

ताई : माझा भाऊ. खडीचा ट्रक घेऊन तुमच्या फाटकात उभा आहे, मागे ही रांग लागलीय. फाटकवाल्याच्या हातापाया पडून मी बांबू आडवा करायला लावलाय.

साहेब : कोणाच्या हुकमाने?

ताई : तोच तर मागतेय. ऊन उतरेपर्यंत जड गाड्या खाली सोडायच्या नाहीत, एवढं एक वाक्य बोला.

साहेब : तुम्ही डांबर तपासायचं. रस्ते बंद करणं तुमचं काम नाही.

दादा : सोड गं ठकू. हे ऐकायचे नाहीत. मागचे हॉर्न ऐक, कान फाटायची वेळ आलीय. मी पहिल्या गिअरमध्ये उतरतो, गोगलगाईसारखा.

ताई : तेच नको. हळू गेलास की चाक एकेका जागेवर जास्त वेळ दाबून राहतं. पळती गाडी त्या डांबराला एकवेळ झेपेल, रांगणारी झेपत नाही.

दादा : मग जोरात सोडू?

ताई : जोरात सोडलीस की वळण आहेच.

दादा : म्हणजे हळू मेलो तरी चालेल, जोरात मेलो तरी चालेल. बरी सोय आहे.

ताई : हसू नकोस, दादा.

दादा : नाही हसत. फोन पाडशील, धर नीट.

साहेब : बाई, माझी मीटिंग आहे.

ताई : सकाळी मी चालत खाली गेले होते, त्या तिसऱ्या वळणापर्यंत. ऊन चढलं तसं डांबर खडीच्या वर आलं. रस्ता आरशासारखा चकाकायला लागला. माझी चप्पल रुतली ती निघालीच नाही. एका पायाने अनवाणी वर आलेय. तळव्याचे फोड बघायचेत तर फोटो पाठवते.

साहेब : उन्हाळ्यात थोडंफार होतंच.

ताई : चाकोरीत हात उभा धरला तर चारही बोटं आत गेली. आणि वळणावर त्या चाकोऱ्या दरीच्या अंगाला सरकल्यात. एकदा चाक आत पडलं की गाडी ड्रायव्हरचं ऐकत नाही, चाकोरीचं ऐकते.

दादा : हे मात्र खरं आहे. परवा माझ्या हातातलं स्टिअरिंग असं ओढलं गेलं, जसं कोणी पलीकडून हात घातलाय. कठडा आला आणि गेला. खाली पोचल्यावर गाडीतून उतरताच येईना मला.

ताई : परवा? आणि मला बोलला नाहीस?

दादा : तुला सांगायचं म्हणजे तुझ्या वहिनीला सांगायचं. मग घाट परवडला.

ताई : आणि आज पुन्हा निघालास.

दादा : मालक म्हणतो, फाटक उघडं तर रस्ता चांगला. मी नाही म्हटलं तर किल्ली दुसऱ्याच्या हातात देईल. ट्रक काही घरी बसणार नाही. फाटकच बंद असलं तर गोष्ट वेगळी, मग मालकाचाही इलाज चालत नाही.

ताई : ऐकलंत, साहेब?

साहेब : डांबर नियमात आहे. तुमच्याच प्रयोगशाळेने पास केलंय.

दादा : ही दिवसभर डांबरात सुई सोडते आणि किती बुडाली ते बघते. लहानपणी मला टोचायची.

ताई : दादा, गप. साहेब, डांबर म्हणून ते पासच होतं. या जागेसाठी पास नव्हतं. तुमच्या टेबलापुढे उभी राहून मी सांगितलं होतं. माथ्यावर दव गोठतं, गाड्या कमी, तिथे मऊ डांबर घाला, म्हणजे थंडीत तडकणार नाही. खाली उन्हाची भट्टी आहे, भरलेले ट्रक रांगत चढतात, ब्रेकवर उतरतात, तिथे कडक घाला, रबर मिसळलेलं. सांगितलं होतं की नाही?

साहेब : सांगितलं असेल. पण एका रस्त्याला दोन डांबरं कशाला, असा वरून प्रश्न आला. दोन टाक्या, दोन कंत्राटं, दोनदा मंजुरी. म्हणून समितीने मधला पर्याय काढला.

ताई : माथ्याचं तापमान घेतलं, पायथ्याचं घेतलं, बेरीज करून निम्मं केलं, आणि त्या आकड्याला बसेल असं डांबर आणलं. तेही सावलीतल्या हवेचं तापमान. काळा रस्ता उन्हात हवेपेक्षा किती तापतो, ते कोणी बघितलंच नाही. त्या आकड्याचं हवामान घाटातल्या मधल्या एखाद्या वळणावर असेल. तेवढं वळण छान आहे, कधी बघून या. तान्ह्या पोराला आणि त्याच्या बापाला मिळून मधल्या मापाचा एक सदरा शिवलात तुम्ही.

दादा : पोरगं आत हरवलं, बापाचं पोट उघडं.

ताई : वर हिवाळ्यात तडे गेले. खाली आता वाहतंय.

साहेब : मग काय करू? अख्खा घाट उकरू?

ताई : आज बांबू आडवा राहू द्या. एवढंच.

साहेब : बंद केला की विचारतील, का केला. कारण सांगितलं की डांबराचा विषय निघाला. डांबर निघालं की समिती निघाली, आणि समितीत माझी सही आहे. मलाही घरदार आहे, बाई.

दादा : आम्हाला काय नुसती टायरं आहेत?

साहेब : अहो, तुम्ही तरी समजून घ्या. आणि जायचंच तर सकाळी लवकर उतरावं ना. दुपारी कशाला जायचं माणसाने त्या रस्त्याने?

ताई : काय म्हणालात?

साहेब : म्हणजे... उन्हाचा त्रास होतो, म्हणून म्हटलं.

ताई : फाटकवाला मघाशी सांगत होता, साहेबांची गाडी सकाळच्या गारव्यात खाली जाते आणि दुपारी लांबच्या रस्त्याने वळसा घालून येते. मला वाटलं, तिकडे झाडं आहेत, सावली आवडत असेल.

दादा : म्हणजे यांना माहीत आहे.

ताई : सगळं माहीत आहे, दादा. मी मूर्खासारखी समजावत बसलेय.

साहेब : फोन फाटकवाल्याला द्या.

ताई : देते. त्याला काय सांगणार, ते आधी मला सांगा.

साहेब : वाहतूक अडवता येत नाही. गाड्या सोडायला सांगणार. सावकाश जा म्हणावं, जपून जा म्हणावं.

दादा : झालं तर. बाजूला हो, ठकू.

ताई : पलीकडचं दार उघड.

दादा : कशाला?

ताई : मी बसते.

दादा : डोकं फिरलंय तुझं. घरी जा. आई वाट बघत असेल.

ताई : तुझीही बघत असेल. सरक.

दादा : हे बघ, तू शेजारी बसलीस तर माझा पाय ब्रेकवर ठरायचा नाही.

ताई : आणि मी इथे उभी राहून तुझ्या गाडीची पाठ बघत राहिले, तर माझा जीव ठरायचा नाही. मला रस्ता माहीत आहे रे. कुठे किती मऊ झालाय, ते बोटांना माहीत आहे. हात दे. पाय दुखतोय.

दादा : तू ना, लहानपणापासून अशीच. ये. पायरीच्या फळकुटावर जपून पाय ठेव.

साहेब : काय चाललंय तिथे? बाई?

ताई : ट्रकमध्ये बसलेय. मागे खडी आहे. काचेतून पहिलं वळण दिसतंय, आत्ताच ओलं केल्यासारखं चमकतंय. दादाने इंजिन सुरू केलंय. मघापासून विनोद करतोय, पण त्याच्या घामाने स्टिअरिंग ओलं झालंय. मला भीती वाटतेय, साहेब.

साहेब : खाली उतरा. तुम्ही खात्याच्या कर्मचारी आहात, मला जाब द्यावा लागेल.

दादा : माझा नाही द्यावा लागणार का?

साहेब : मी तसं म्हणालो नाही.

ताई : फाटकवाला समोर उभा आहे. बांबूची दोरी त्याच्या हातात आहे आणि तो या फोनकडे बघतोय. तुम्ही बोलाल ते तो करणार. त्याला कागद नको, समिती नको. तुमचा एक शब्द पुरे.

दादा : काय गं, फोन कट झाला का?

ताई : नाही. श्वास ऐकू येतोय. साहेब, बांबू वर की आडवा? बोला, आम्ही दोघं ऐकतोय.