डोळे मागायला शिकवतो मी

मी मूळचा मांजरी गावचा. शाळा तिसरीपर्यंत, पुढं वडलांनी टेम्पोवर बसवलं, आमच्या रानातली वांगी, कोबी मार्केट यार्डात न्यायची. पण सही झोकात करतो, अंगठा कुणापुढं कधी उमटवला नाही, हे आधी लिहा. मग त्या कंपन्या आल्या, आमचं रान गेलं, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याचं रडगाणं मला गायचं नाही. आमचा एकुलता एक, संतोष, त्यातल्याच एका इमारतीत लागला, रातपाळीला, कानाला यंत्र लावून परदेशातल्या लोकांशी बोलायचा. त्याची आई, आमची हौसा, म्हणायची, आमच्याशी दोन शब्द बोलायला याला येळ नाही आणि त्या गोऱ्यांशी रातभर बोलतो. तो नुसता हसायचा.

काय सांगू तुम्हाला, असाच एका सकाळी कामावरून येताना सोलापूर रोडला डंपरनं उडवला. आम्ही दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून आत गेले. आम्ही बाकड्यावर बसलेलो, तेवढ्यात गळ्यात बिल्ला घातलेला एक तरुण माणूस समोर येऊन उभा राहिला, म्हणाला, सर, आपल्या पेशंटच्या बॉडीसंबंधी बोलायचं होतं. मी म्हणलो त्याला नाव हाय, संतोष, आणि उभा काय राहतोस, बस की. तो घाबरला, हातातला कागदच वाचायला लागला, नेत्रदान, समाज, कर्तव्य असलं काहीतरी. मीच त्याला थांबवलं, म्हणलो डोळे पाहिजेत ना, घ्या. आमच्या संतोषची नजर अशी की लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायचा, ते डोळे जाळायला माझा जीव होईना. मी बाप, मी हो म्हणलो, आणि त्यात आजही मला काही वावगं वाटत नाही. हौसा बाकड्याच्या टोकाला होती, त्याच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. तिला कुणी विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर मी भांडायला गेलो. तिथल्या समाजसेवा विभागाच्या मॅडमना म्हणलो, तुमच्या त्या माणसाला बोलायला कुणी शिकवलं, माझ्या जागी दुसरा असता तर त्याच्या कानाखाली वाजवली असती. मॅडम म्हणाल्या, काका, मग तुम्हीच शिकवा. त्यांना वाटलं म्हातारा जाईल निघून. मी शनिवारी हजर.

तेव्हापासून मी दर शनिवारी बाकड्यावर बसतो, धोतर-टोपी घालून. मी मेलेल्या माणसाचा नातेवाईक, आणि हे शिकाऊ लोक एकेक करून माझ्याकडं डोळे मागायला येतात. कोथरूडचे रिटायर झालेले साहेब, कॉम्प्युटरवाली पोरं. एक म्हणाला, आपल्या लॉसबद्दल सॉरी. मी म्हणलो लॉस धंद्यात होतो, माझा माणूस गेलाय. एक मला सोडून, शेजारी असाच नातेवाईक म्हणून बसवलेल्या पँटवाल्याकडंच गेला, हा शिकलेला दिसतो म्हणून. मी सांगतो, बाबांनो, पँट बघू नका, कपड्यांची पिशवी कुणाच्या मांडीवर हाय ते बघा, त्याच्याशी आधी बोला. गेलेल्याचं नाव घ्या. आणि कुणी नाही म्हणलं तर हात जोडायचे, दुसऱ्यांदा विचारायचं नाही, पण पळूनही जायचं नाही, शववाहिनी ठरली का, कुणाला कळवायचं राहिलंय का, तेवढं बघायचं.

त्यात एक ऋचा होती, आयटीवाली. तिला मी सारखा हाकलायचो. एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, आबा, तुम्ही असं केलंत तर खऱ्या माणसाकडं जायला माझा पाय उचलणार नाही. मी म्हणलो नको उचलू, बसल्या बसल्या सरक जवळ. रडता रडता हसली.

संतोषच्या डोळ्यांवरनं हौसा मला कधी बोलली नाही. पण एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, तुमचा डोळे द्यायचा फॉर्म तुम्ही भरला, माझा भरू नका, माझे डोळे मला पाहिजेत. मी म्हणलो अगं जळूनच जायचेत. तर म्हणाली, पोराला तिथं दिसत नसंल, माझे बी दिले तर त्याला शोधायचं कुणी? शनिवारी शिकवतो ते सगळं मी तिला सांगितलं, आपला संतोष कुणाच्यातरी डोळ्यातनं बघतोय म्हणलो. ती म्हणाली, कुणाच्या? दाखवा मला. आता काय दाखवू? नाव सांगत नाहीत, नियमच हाय तसा. ती म्हणाली, मग मी तिकडंच बघीन त्याला.

गेल्या साली तिचं हृदय बंद पडलं. त्याच दवाखान्यात. तिथं मला कोण ओळखत नाही? सगळे धरूनच चालले, आबांच्या घरचं म्हणजे हो असणारच, डोळे न्यायची पेटीसुद्धा आणून ठेवलेली. मग ऋचा आली. माझ्या पायाशी फरशीवर बसली. हौसाआजींना कधीपासून त्रास होता, विचारलं. मी बोललो, ती ऐकत राहिली. मग म्हणाली, आबा, आजींचं काही सांगणं होतं का?

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, हौसा काही उठून सांगणार नव्हती. त्या दोन डोळ्यांसाठी दोन माणसं अंधारात वाट बघत असतील हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? सगळा मजला माझ्याकडं बघतोय. मी म्हणलो, नाही पोरी. तिचे तिच्यापाशी राहू देत.

ऋचानं हात जोडले. दुसऱ्यांदा विचारलं नाही. पेटी परत पाठवली आणि गाडी बघायला गेली. मागनं एक जण म्हणाला, दुनियेला शिकवतात आणि घरातच नाही. मला ऐकू येतं अजून चांगलं. पण हौसा समोर होती.

पुढच्या शनिवारी बाकड्यावर गेलो. अजून जातो. लोक म्हणतात आबा, आता कशाला? माझा फॉर्म भरलेला हाय, सही केलीय, ती मागं घेणार नाही. म्हणजे तिथं मलाही दिसायचं नाही, मी आपला जागेवर बसून राहणार, यायचं ते तिलाच यावं लागंल. आमच्या दोघांपायी तिनं आपले ठेवले असं मी समजतो. येईल ती, संतोषचा हात धरून येईल. चला, निघा तुम्ही, अंधाराच्या आत घरी पोचा. तुमची माणसं तुम्हाला दिसत राहोत.