दांडी लोखंडाची, नाव पाण्याचं

अहो, कसलं विष अन् कसलं काय! आमच्या बोअरच्या पाण्याला भर अंगणात, सगळ्या गल्लीसमोर विष म्हणाला तो फिल्टरवाला, अन् आमचे शेषेराव काका माना डोलावतात! तुम्हाला सांगते, मी केमिस्ट्रीची बीएस्सी, इथं मुखेडातच झाले, आता नांदेडला एमएस्सी करायची तर होस्टेलच्या अर्जावर पालक म्हणून काकांची सही लागते, अन् ती अडलीय महिनाभर, का तर "पोरीला त्यातलं काय कळून राहिलंय!" टाय लावलेल्याला मात्र सगळं कळतं बरं का!

त्यानं केलं काय, एक ग्लास आमच्या पाण्याचा, एक त्याच्या मशीनच्या, दोन्हींत दोन-दोन दांड्या सोडल्या, बटण दाबलं... त्याचा ग्लास नितळ, आमचा तांबडा-काळा, बुडाला चिखल! "बघा काका, हे तुम्ही रोज पिता." शेजारच्या शिवगंगाकाकूंनी तोंडाला पदरच लावला. मी म्हटलं, काका, ही घाण पाण्यातली नाही हो, त्याच्या दांडीचा गंज...

"गप बस गं! मोठ्यांच्या मधी बोलू न्हाई!"

बरं. नाही बोलत. करूनच दाखवते!

बटण बंद केलं, आमचंच ताजं पाणी घेतलं अन् दांड्यांच्या जागा बदलल्या. एक लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. यानं लोखंड लावलेलं ॲनोडला, अधिक बाजूला, तिथं ते झिजतं, पाण्यात उतरतं, गंजतं. तेच कॅथोडला, उणे बाजूला लावा... काही होत नाही त्याला, नुसते बुडबुडे! दाबलं बटण. कुठंय चिखल? जरासं दुधट, बस्स!

"मॅडम, असं नसतं करायचं..." अहो, घाम फुटला त्याला! पण मी सोडते होय? दांड्या होत्या तशा लावल्या, त्याच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, क्षारांशिवाय वीज वाहतच नाही ना त्यातून, बटण... तांबडंभडक! ग्लास त्याच्या नाकापुढं धरला. "घ्या ना दादा, तुमचंच आहे. प्या!" तो बिचारा काकांकडं बघतोय, अन् काका ग्लासाकडं! आता बोला ना मधी!

दांड्या तिथंच टाकून पळाला हो तो! गल्ली हसून लोटपोट. काकांनी मिशीवरून हात फिरवला, "पोरगी लई हुशार निघाली की!" माझा जीव असा हरखला म्हणता... धावत जाऊन अर्ज आणला, पेन उघडून हातात दिलं...

काकांनी पेनाला टोपण लावलं. "एवढं सगळं तर येऊन राहिलंय तुला. आता नांदेडला जाऊन शिकायचं काय उरलं?"